वाचक विचारतात : झटपट टेस्टच्या लाल रेघेवर भरवसा किती ठेवायचा?

मागच्या अंकात आपण पेशंटच्या शेजारीच होणाऱ्या टेस्टवर लिहिलं होतं. म्हणजे सॅम्पल कुठे लांब पाठवायचं नाही, बोटातून थेंबभर रक्त नाहीतर तोंडातला-नाकातला स्वॅब घ्यायचा आणि पंधरा मिनिटं ते तासाभरात तिथल्या तिथे निकाल. त्यावर मेल आणि व्हॉट्सॲप मेसेजचा पाऊस पडला. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं मुद्दाम काढून टाकलीत, कारण निम्मे प्रश्न एचआयव्हीचे आहेत आणि आपल्याकडे नुसती टेस्ट केली म्हटलं तरी लोक बघायची नजर बदलतात.

प्रश्न (पुण्याहून एक विद्यार्थी) : दहा दिवसांपूर्वी माझा कंडोमशिवाय संबंध आला, तेव्हापासून झोप उडालीये. ऑनलाइन एक किट मागवली, हिरडीवर काडी फिरवायची तसली. एकच रेघ आली म्हणजे निगेटिव्ह. मी सुटलो ना? आणि थुंकीतून एचआयव्ही पसरत नाही म्हणतात, मग थुंकीत तो सापडतो कसा?

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. ती काडी व्हायरस शोधतच नाही मित्रा. आपलं शरीर व्हायरसच्या विरोधात ज्या अँटीबॉडी बनवतं त्या ती शोधते. हिरड्यांच्या कडेने आणि गालाच्या आतल्या बाजूने रक्तातला पातळ द्रव सतत जरा जरा पाझरत असतो, त्यात या अँटीबॉडी उतरतात, म्हणून काडी वरच्या आणि खालच्या हिरडीवर फिरवायची असते, जिभेवर नाही. अँटीबॉडी सापडल्या म्हणजे थुंकी संसर्गाची झाली असं अजिबात नाही.

आता मुख्य गोष्ट. दहाव्या दिवशी तुझ्या शरीरात संसर्ग असला तरी अँटीबॉडी बहुधा तयारच झालेल्या नसणार, मग काडीला दिसणार काय? याला विंडो पिरियड म्हणतात. नुसत्या अँटीबॉडी शोधणाऱ्या टेस्टला संसर्गानंतर साधारण २३ ते ९० दिवस लागतात. शिरेतलं रक्त घेऊन लॅबमध्ये पी२४ अँटीजेन (व्हायरसचाच एक प्रोटीन) आणि अँटीबॉडी दोन्ही बघतात ती टेस्ट १८ ते ४५ दिवसांत पकडते, आणि व्हायरसचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, बघणारी टेस्ट १० ते ३३ दिवसांत. म्हणजे तुझी आजची निगेटिव्ह काहीच सांगत नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही.

शिवाय घरी केलेल्या टेस्टचं गणित थोडं वेगळं असतं. अमेरिकेत २०१२ मध्ये ओराक्विक नावाच्या काडीला घरगुती वापरासाठी मान्यता मिळाली, तेव्हाच कंपनीच्या अभ्यासात दिसलं होतं की सामान्य माणसाने स्वतः केली तर संसर्ग असलेल्या दर १२ जणांमागे एकाला चुकून निगेटिव्ह दाखवते. उलटी चूक मात्र फार कमी, ५,००० मागे एक. म्हणून अशा किटवर दोन रेघा आल्या तर लगेच सरकारी तपासणी केंद्रात जायचं, आणि एकच आली तर 'अजून कळायचंय' असं धरून चालायचं.

तू काय करायचं ते सांगतो. जवळच्या सरकारी हॉस्पिटलमधल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात जा, फुकट आहे, आधी समुपदेशक बोलतात मग रक्त घेतात, आणि नाव फुटत नाही. कधी कधी टेस्ट करायची ते ते तारखा लावून देतील, शेवटची तीन महिने झाल्यावर. तोवर कंडोम. जायची भीती वाटत असेल तर आधी १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनला फोन कर, तो पण फुकट आहे. आणि एक कळकळीची विनंती, 'रक्तदान केलं की टेस्ट आपोआप होते' हा होस्टेलमधला सल्ला ऐकू नकोस, विंडो पिरियडमधलं रक्त दुसऱ्याच्या अंगात जाऊ शकतं. बाकीच्या वाचकांनी लक्षात ठेवा, असा प्रसंग घडला तर ७२ तासांच्या आत सरकारी हॉस्पिटल गाठलं तर संसर्ग टाळायची औषधं सुरू करता येतात, २८ दिवसांचा कोर्स असतो, आणि जितक्या लवकर तितकं बरं. दहाव्या दिवशी किट मागवण्यापेक्षा पहिल्या दिवशी दवाखान्यात जाणं कितीतरी मोलाचं.

प्रश्न (सातारा जिल्ह्यातून एक सासूबाई) : सून तीन महिन्यांची गरोदर. गावातल्या एका लॅबमध्ये सगळ्या तपासण्या केल्या तर एचआयव्ही रिॲक्टिव्ह आला. लॅबवाल्याने तिला न सांगता माझ्या मुलाला आणि दिरांना सांगितलं. घरात आठ दिवस चूल नीट पेटली नाही हो. मग सिव्हिलमध्ये तीन टेस्ट केल्या, निगेटिव्ह! खरं कुणाचं मानायचं? किट खोटी होती का?

उत्तर : काकू, खरं सिव्हिलचं मानायचं. आणि किट खोटीच असेल असंही नाही. हे जरा सावकाश वाचा, कारण ही गोष्ट कळली की झटपट टेस्टबद्दलचे निम्मे गैरसमज जातात.

आपल्या देशात मोठ्या माणसांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे. समजा सरसकट एक लाख लोकांची टेस्ट केली तर त्यात खरे संसर्ग असलेले २०० जण. किट चांगली आहे असं धरू, २०० च्या २०० पकडते, आणि ज्यांना संसर्ग नाही त्यांच्यातल्या ९९ टक्के लोकांना बरोबर निगेटिव्ह दाखवते. ऐकायला झकास वाटतं. पण उरलेला एक टक्का ९९,८०० लोकांचा आहे, म्हणजे ९९८ जण. एकूण रिॲक्टिव्ह आले जवळपास १,२००, त्यातले खरे फक्त २००. सहातला एक! म्हणून एका कार्डावर दोन रेघा दिसल्या की तो रिपोर्ट नसतो, तो फक्त 'पुढच्या दोन टेस्ट करा' असा निरोप असतो. गरोदरपण, संधिवाताचे काही प्रकार, नुकताच झालेला दुसरा एखादा संसर्ग, यातल्या कशानेही रक्तातलं काहीतरी त्या रेघेला चिकटू शकतं.

म्हणूनच नॅकोने, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने, तीन टेस्टचा नियम केला आहे. पहिली रिॲक्टिव्ह आली तर दुसरी आणि तिसरी करायची, आणि त्या वेगळ्या अँटीजेनच्या नाहीतर वेगळ्या पद्धतीच्या हव्यात. एक कार्डाची, एक ट्राय-डॉटसारखी ठिपक्यांची, एक कंगव्यासारखी कॉम्ब, असं लॅब टेक्निशियन करतात. पहिलीला चकवणारी गोष्ट दुसरीलाही चकवेल अशी शक्यता कमी, तिन्हींना चकवेल अशी जवळपास नाहीच. तिन्ही रिॲक्टिव्ह आल्या तरच पॉझिटिव्ह. निकाल एकमेकांशी जुळले नाहीत तर काही आठवड्यांनी परत बोलावतात, तेव्हा वैतागून जायचं सोडू नका.

आता लॅबवाल्याबद्दल. त्याची चूक किटची नाही, तोंडाची आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्यात लिहिलंय की टेस्ट करण्याआधी त्या व्यक्तीची समजून-उमजून दिलेली संमती पाहिजे आणि निकाल तिच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगायचा नाही. मुलाला नाही, दिराला तर नाहीच नाही. तिने तक्रार करायची ठरवली तर करता येते, पण ते तिने ठरवायचं, तुम्ही फक्त तिच्या बाजूने उभ्या राहा. पत्र तुम्ही लिहिलंत यातच मला बरं वाटलं.

प्रश्न (वर्ध्याहून एक स्टाफ नर्स) : लेबर रूममध्ये रात्री-अपरात्री येणाऱ्या बायकांकडे कधी कार्ड नसतं, कधी रिपोर्ट घरी राहिलेला. अशा वेळी टेस्ट करायला वेळ मिळतो का? आणि पॉझिटिव्ह आईच्या बाळाची कार्ड टेस्ट पॉझिटिव्ह आली की नातेवाईक हंबरडा फोडतात, त्यांना काय सांगायचं?

उत्तर : सिस्टर, तुमच्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगतो. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत २००६ मध्ये, कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठात काम करणाऱ्या डॉ. नितिका पंत पै यांनी तिथल्या डॉक्टरांबरोबर नेमकं हेच करून बघितलं. चोवीस तास समुपदेशक हजर, प्रसूतीला आलेल्या बाईला नीट विचारायचं, हो म्हणाली तर हिरडीवर काडी फिरवायची, वीस मिनिटांत पहिला अंदाज, आणि पक्कं निदान मात्र रक्तावर. नऊ महिन्यांत १,२५२ बायकांना विचारलं तर १,२२२ जणी हो म्हणाल्या, शंभरातल्या ९८. कळा चालू असताना कोण ऐकणार असं म्हणणाऱ्यांची बोलतीच बंद झाली. आणि त्यातल्या पाचातल्या चार जणींकडे आधीचा एचआयव्ही रिपोर्ट एकतर नव्हता नाहीतर अर्धवट होता. म्हणजे तुम्ही जे रोज बघताय तेच.

तेव्हा त्या वीस मिनिटांत आईला आणि बाळाला औषधाचा डोस देता यायचा. आज तर आईला आयुष्यभराची एआरटी (एचआयव्ही दाबून ठेवणारी औषधं) आणि बाळाला जन्मल्याबरोबर सिरप सुरू होतं, म्हणजे त्या वीस मिनिटांचं मोल वाढलंय, कमी नाही झालं. फक्त एक बघा, संमती विचारताना नवरा-सासू खोलीबाहेर असले पाहिजेत. तुम्हाला माहितीच आहे पण वाचणाऱ्या नव्या सिस्टरना सांगतो.

बाळाचं वेगळं आहे. नाळेतून आईच्या अँटीबॉडी बाळात उतरतात आणि दीड वर्षापर्यंत राहू शकतात, त्यामुळे १८ महिन्यांच्या आतल्या बाळाची कार्ड टेस्ट पॉझिटिव्ह आली तर ती आईबद्दल सांगते, बाळाबद्दल नाही. नातेवाइकांना अगदी याच शब्दांत सांगा. बाळासाठी व्हायरसच शोधावा लागतो, म्हणजे पीसीआर. सहा आठवड्यांच्या बाळाची टाच जरा शेकायची, बाजूला टोचायचं, पहिला थेंब कापसाने पुसायचा आणि पुढचे थेंब जाड गाळणकागदावरच्या गोलांत एकेक करून भरायचे. गोल पूर्ण भरला पाहिजे, बोट लावायचं नाही, पंख्याखाली नाही, उन्हात तर अजिबात नाही, तसाच आडवा वाळवायचा आणि पाकिटात सिलिका जेलच्या पुडीबरोबर घालून पाठवायचा.

रक्त वाळलेलं असल्याने बर्फ लागत नाही, ही या कार्डाची कमाल. पण पाकीट मोठ्या लॅबला जाणार, तिथे नंबर लागणार, रिपोर्ट परत येणार, आणि तोवर आई माहेरून सासरी गेलेली असते, फोन लागत नाही. औषध न मिळालेल्या संसर्गित बाळांपैकी जवळपास निम्मी दोन वर्षांच्या आत जातात, म्हणून हे आठवडे फार महाग पडतात. मोझांबिकमध्ये बाळाची ही टेस्ट करणारं छोटं मशीन आरोग्य केंद्रातच ठेवून बघितलं. जिथे मशीन होतं तिथे संसर्ग असलेल्या बाळांपैकी जवळपास ९० टक्के बाळांना सॅम्पल घेतल्यापासून दोन महिन्यांच्या आत औषध सुरू झालं, आणि सॅम्पल लांब पाठवायचं त्या केंद्रांत जेमतेम १३ टक्के. औषध तेच, नर्सही तशाच, फरक फक्त निकाल आई समोर बसलेली असताना मिळण्याचा.

प्रश्न (नागपूर, ठाणे आणि आणखी बऱ्याच ठिकाणांहून) : डेंगीची कार्ड टेस्ट निगेटिव्ह आली पण प्लेटलेट खाली. आणि कोविडच्या जुन्या घरगुती किट कपाटात पडल्यात, वापरू का?

उत्तर : डेंगीच्या कार्डात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एनएस१ म्हणजे व्हायरसचाच एक प्रोटीन, तो तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत सापडतो. आयजीएम अँटीबॉडी साधारण पाचव्या दिवसानंतर. तिसऱ्या दिवशी नुसती आयजीएम केली किंवा आठव्या दिवशी नुसती एनएस१ केली तर निगेटिव्ह येऊ शकते, त्यात किटचा काय दोष. ताप कितव्या दिवसाचा आहे ते लॅबला सांगा आणि पक्कं करायचं तर लॅबमधली एलायझा टेस्ट. प्लेटलेट, पोटदुखी, उलट्या याकडे डॉक्टर बघतील, कार्डाकडे बघत बसू नका.

कोविडच्या जुन्या किट फेकून द्या. पुण्याच्या मायलॅबची कोव्हिसेल्फ मे २०२१ मध्ये मान्य झाली, २५० रुपयांना मिळायची, तेव्हा लोकांनी घाऊक घेऊन ठेवल्या. तारीख उलटलेली आणि दोन उन्हाळे कपाटात काढलेली किट कंट्रोलची रेघ दाखवेलही, पण ती रेघ एवढंच सांगते की द्रव पुढे सरकला. आणि अँटीजेन टेस्ट निगेटिव्ह म्हणजे कोविड नाही असं तेव्हाही नव्हतं. जून २०२० मध्ये पहिली अँटीजेन किट मान्य करतानाच आयसीएमआरने सांगितलं होतं की ती संसर्ग असलेल्यांपैकी ५०.६ ते ८४ टक्केच पकडते, लक्षणं असून निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर करा. तेवढी ओळ कुणी वाचली नाही.

प्रश्न (सिंधुदुर्गातल्या दोडामार्गहून एक आशाताई) : आमच्याकडे काजूचा सीझन आणि माकडतापाचा सीझन एकच. माणूस तापाने फणफणतो, रक्त घेऊन पाठवतात, रिपोर्ट येईपर्यंत घरातले शंभर वेळा फोन करतात आणि उत्तर मलाच द्यायला लागतं. एचआयव्हीचं कार्ड निघालं, कोविडचं निघालं, मग माकडतापाचं का निघत नाही?

उत्तर : ताई, या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुमचा.

माकडताप म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात माकडं पटापट मरायला लागली तेव्हा पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरच्या शास्त्रज्ञांनी हा विषाणू शोधला, तीच आजची एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था. गोचीड चावून होतो. पुढे तो सह्याद्रीच्या कडेने वर सरकत आला, २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये तुमच्या दोडामार्गात.

कार्ड का नाही याची कारणं सांगतो. पहिलं कारण आजाराच्या स्वभावात आहे. सुरुवातीच्या दिवसांत रक्तात व्हायरस असतो पण अँटीबॉडी नसतात, आणि माणूस तुमच्याकडे येतो तो याच दिवसांत. अँटीबॉडीचं कार्ड काढलं तरी नेमकं गरजेच्या वेळी ते कोरं राहणार. मग व्हायरसचा प्रोटीन पकडणारं कार्ड काढायचं तर तेवढ्याशा रक्तात तो डोळ्याला रेघ दिसेल इतका सापडला पाहिजे. एचआयव्हीत ही अडचण येत नाही, कारण तिथे अँटीबॉडी एकदा तयार झाल्या की औषध चालू नसलेल्या माणसात त्या आयुष्यभर राहतात, त्यानंतर कधीही टेस्ट करा.

दुसरं, डेंगी आणि माकडताप एकाच कुळातले. डेंगी होऊन गेलेल्या माणसाच्या अँटीबॉडी दुसऱ्याच्या रेघेला चिकटून घोळ घालू शकतात, आणि कोकणात डेंगी काय कमी आहे?

तिसरं कारण सांगायला मला आवडत नाही पण खरं आहे. गिऱ्हाईक कमी. पाच राज्यांतल्या जंगलाकडेच्या गावांसाठी आणि वर्षातल्या पाच-सहा महिन्यांसाठी कारखान्याची लाइन कोण लावणार?

पण अगदी काहीच झालेलं नाही असं समजू नका. एनआयव्हीने ट्रूनॅट मशीनवर चालणारी माकडतापाची टेस्ट तयार केली आहे. हे मशीन गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं. मूळ टीबीसाठी गाजलं, २०२० मध्ये डब्ल्यूएचओने टीबीसाठी त्याची शिफारस केली, कोविडमध्ये तर तालुक्या-तालुक्यात पोचलं. बॅटरीवर चालतं, त्यामुळे लाइट गेली तरी चालू राहतं, आणि तासाभरात पीसीआरचा निकाल. सॅम्पल आधी एका बफरमध्ये टाकतात त्यात विषाणू निकामी होतो, म्हणून टेक्निशियनला धोका कमी. माकडतापाचं रक्त हाताळताना लॅबमधल्या माणसांनाच लागण झाल्याचे प्रकार पूर्वी झालेत, तेव्हा ही साधी गोष्ट नाही.

केरळात हे कसं उपयोगी पडलं बघा. २०१८ मध्ये कोळिकोड-मलप्पुरममध्ये निपाह आला, १७ जण गेले, तेव्हा पक्कं निदान मणिपाल आणि पुण्याहून व्हायचं. सप्टेंबर २०२१ मध्ये एक १२ वर्षांचा मुलगा निपाहने गेला तेव्हा एनआयव्हीची टीम थेट कोळिकोड मेडिकल कॉलेजात जाऊन बसली आणि तिथेच टेस्ट सुरू केल्या, संपर्कातल्या लोकांचे निकाल त्याच गावात.

तुमच्या तालुक्यात टीबीसाठी ट्रूनॅट बहुतेक असेलच. माकडतापाची चिप (मशीनमध्ये घालायची त्या आजाराची टेस्ट) तिथे चालवायची सोय सीझनपुरती करता येईल का, हे तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा, ग्रामसभेत ठराव करून विचारलंत तर आणखी बरं, एकट्या आशाताईचं कोण ऐकतं ते आपल्याला माहीत आहे. तोवर ताप कितव्या दिवशीचा, काजूच्या बागेत नाहीतर रानात कधी गेला होता आणि आसपास मेलेलं माकड दिसलं का, एवढं सॅम्पलच्या फॉर्मवर ठळक लिहायला लावा.

प्रश्न (नाशिकहून एक एमएस्सी बायोटेक) : मला आणि दोन मित्रांना अशी किट बनवायची आहे. यूट्यूबवर बघितलं तर पट्टी अगदी सोपी दिसते. सहा महिन्यांत बाजारात आणता येईल का?

उत्तर : पट्टी सोपीच आहे, तिथेच सगळे फसतात. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं रक्त त्या नायट्रोसेल्युलोजच्या पट्टीत सरकतं, वाटेत सोन्याचे अतिसूक्ष्म कण वाळवून ठेवलेले असतात ते सॅम्पलमधल्या अँटीबॉडीला चिकटतात, पुढे अँटीजेनची अदृश्य रेघ मारलेली असते तिथे हे सगळं अडकतं आणि सोन्याचे कण एकत्र जमले की लाल दिसतात. त्यांचा रंग त्या आकाराला लालच असतो, पिवळा नाही. दुसरी रेघ कंट्रोलची. एवढं तुम्ही महिन्याभरात टेबलावर करून दाखवाल आणि मार्गदर्शक सर टाळ्या वाजवतील.

पुढे काय होतं ते ऐका. दहा पट्ट्या हाताने बनवल्या तर दहाही चालतात, दहा हजार बनवल्या की मेम्ब्रेनचा नवा रोल आला आणि रेघ फिकट झाली, दमट दिवशी वाळवलेल्या पट्ट्यांत द्रव हळू चढला, असले प्रकार सुरू होतात. बहुतेक किट २ ते ३० अंशांत ठेवायच्या असतात आणि आपल्या चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणजे औषधाच्या गाडीत काय असेल कल्पना करा. तुमची पट्टी त्या गाडीतून जाऊन आल्यावर चालते का, हे बघितल्याशिवाय बाकीचं बोलायचंच नाही. कोकणातल्या पावसात पाकीट फोडून तासभर टेबलावर ठेवलं तर काय होतं तेही बघा, कारण आरोग्य केंद्रात गर्दीच्या वेळी अगदी तसंच होतं.

मग सॅम्पल. भारतात एचआयव्ही-१ चा सी हा उपप्रकार जास्त आहे, थोडा एचआयव्ही-२ पण आहे, तुमचे अँटीजेन दोन्हीला पकडतात का? नुकता संसर्ग झालेल्या माणसाचं ओळीने घेतलेलं रक्त, ज्यात अँटीबॉडी हळूहळू वाढत जातात, ते तपासलं का? गरोदर बायका, मलेरिया, संधिवात, डेंगी यांच्या सॅम्पलवर खोटी रेघ येते का? आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग, ज्याने कधी किट बघितली नाही अशा माणसाच्या हातात नुसतं माहितीपत्रक देऊन गप्प बसा आणि तो काय करतो बघा. बफरचे थेंब जास्त टाकतील, तासाभराने रेघ वाचतील, पुसट रेघेला 'नाही' म्हणतील. ते बघितल्यावर तुम्ही माहितीपत्रक चार वेळा नव्याने लिहाल.

२०१७ च्या मेडिकल डिव्हाइसेस रूल्सप्रमाणे एचआयव्हीची किट सगळ्यात कडक वर्गात, म्हणजे डी वर्गात मोडते, लायसन्स केंद्राकडून. बाहेरच्या देशांत विकायची तर डब्ल्यूएचओची पूर्वपात्रता. संसर्ग असलेल्यांपैकी किमान ९९ टक्के पकडायला हवेत आणि नसलेल्यांपैकी किमान ९८ टक्के बरोबर सोडायला हवेत, अशी त्यांची अट आहे. सहा महिने विसरा, काही वर्षं धरून चला.

माझं मत विचाराल तर एचआयव्हीच्या कार्डात शिरू नका, तिथे मोठे खेळाडू आहेत आणि किंमत रुपया-रुपयाने पाडतात. नव्या आजारांकडे बघा, पण तिथली अडचण आधीच समजून घ्या. साथ असते तेव्हा टेस्ट नसते आणि टेस्ट तयार होते तेव्हा तपासायला पेशंट उरलेले नसतात. इबोलाची साथ गिनीत डिसेंबर २०१३ मध्ये सुरू झाली, इबोला आहे हे फ्रान्समधल्या लॅबने मार्च २०१४ मध्ये सांगितलं, आणि पहिल्या झटपट टेस्टला डब्ल्यूएचओने मान्यता दिली फेब्रुवारी २०१५ मध्ये, तोवर नऊ हजारांहून जास्त माणसं गेली होती. म्हणून शहाणे लोक आता एका आजाराची किट बनवत नाहीत, मशीन किंवा पट्टीचा सांगाडा आधी तयार करून मान्य करून ठेवतात आणि साथ आली की फक्त आतला अँटीजेन नाहीतर प्रायमर (पीसीआरमध्ये नेमका तोच विषाणू ओळखणारा तुकडा) बदलतात. ट्रूनॅटने कोविडमध्ये तेच केलं. फिरत्या लॅबची कल्पनाही आपल्याकडे आली आहे, आयसीएमआरची बसमधली बीएसएल-३ (धोकादायक विषाणू सुरक्षितपणे हाताळायची) लॅब २०२२ मध्ये तुमच्या नाशिकमध्येच सुरू झाली, जमलं तर तिच्याबद्दल माहिती काढा. पैशासाठी बायरॅक या बायोटेक कंपन्यांना मदत करणाऱ्या सरकारी संस्थेची बिग ग्रँट बघा, ५० लाखांपर्यंत मिळते, आणि जागेसाठी पुण्यात एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर. सॅम्पल देणारं हॉस्पिटल आणि त्यांची एथिक्स कमिटी मात्र आज, पट्टी बनवायच्या आधी शोधा.

प्रश्न (सोलापूरहून, नाव नको) : सहा वर्षं एआरटी चालू आहे, तब्येत उत्तम. व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे त्याचा, रिपोर्ट यायला वेळ लागतो, गोळ्या घ्यायला गेलं की 'पुढच्या वेळी बघू'. याचं पण छोटं मशीन असतं का? आणि मी घरगुती काडीने टेस्ट केली तर निगेटिव्ह आली, मी बरा झालो का?

उत्तर : बरे झालेला नाहीत, पण आजार छान आटोक्यात आहे असं दिसतंय. एआरटी बरेच दिवस चालू असली की काही जणांच्या अँटीबॉडी कमी होतात आणि काडीला दिसत नाहीत, म्हणून एआरटीवर असणाऱ्यांनी ती टेस्ट करायचीच नसते, किटच्या पाकिटावरही तसं लिहिलेलं असतं. गोळ्या एक दिवस चुकवू नका.

छोटं मशीन असतं. दक्षिण आफ्रिकेत डरबनच्या एका दवाखान्यात करून बघितलं, एका गटाला व्हायरल लोड तिथेच त्याच दिवशी सांगितला, दुसऱ्याचं सॅम्पल नेहमीसारखं लॅबला. वर्षभराने उपचारात टिकून व्हायरल लोड दबलेला असे लोक पहिल्या गटात जवळपास ९० टक्के, दुसऱ्यात ७६. आपल्याकडे पद्धत अशी आहे की एआरटी सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी आणि मग दर वर्षी एकदा व्हायरल लोड. म्हणजे तुमचा दरवर्षीचा हक्काचा आहे. पुढच्या वेळी गोळ्या घ्यायला जाल तेव्हा हिरव्या-पांढऱ्या पुस्तकात, जे काही तुमच्या केंद्राचं असेल त्यात, शेवटच्या व्हायरल लोडची तारीख स्वतः बघा, वर्ष उलटलं असेल तर समुपदेशकाला ती तारीख बोट ठेवून दाखवा आणि रिपोर्टचा आकडा लिहून मागा. व्हायरस सापडण्याइतकाही उरला नसेल तर जोडीदाराला शरीरसंबंधातून तो जात नाही, हे जोडीदाराला तुमच्याबरोबर बसवून डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवा.